सिरिंज त्यांच्या हातात द्या

नमस्कार श्रोतेहो. मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. डिस्चार्जच्या वेळी आईवडिलांना औषधं समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. ते मला छान जमतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

एका मुलीच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. घरी जाताना दुखण्यासाठी मॉर्फिनचं पातळ औषध दिलं होतं. डोस किती, केव्हा द्यायचा, बाटली कुठे ठेवायची, सगळं मी तिच्या वडिलांना सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. निघता निघता मी सहज म्हटलं, "एकदा भरून दाखवता का?" त्यांनी सिरिंज घेतली आणि ५ मिलीच्या खुणेपर्यंत भरली. डोस होता ५ मिलिग्रॅम, म्हणजे त्या औषधाचे अडीच मिली. दुप्पट औषध पोटात गेलं असतं. त्या माणसाला दोन रात्री झोप नव्हती आणि मी त्याच्यापुढे धडाधड पाठ म्हणून गेले होते. चूक माझी होती.

मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल ही अफूच्या वर्गातली औषधं, म्हणजे ओपिऑइड. त्यांना घाबरून लेकराला कळा सोसायला लावू नका. पण वेदना दाबणारं हेच औषध मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्रालाही मंद करतं. मोठ्या माणसाची एखादी गोळीसुद्धा लहानग्याच्या जिवावर बेतू शकते. कोडीनचं तर आणखी एक आहे. शरीरात गेल्यावर त्याचं मॉर्फिन बनतं, आणि काहींच्या शरीरात ते फार झपाट्याने बनतं. कोणाच्या, हे वरून ओळखता येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली १२ वर्षांखालील मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल देऊ नये असं बजावलं. तेव्हा घरात उरलेली मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका. कृपा करून नका देऊ.

आईबाप सगळ्यात जास्त कुठे फसतात सांगू? झोपेत. दोन दिवस रडलेलं मूल शांत झोपलं की आपल्याला हायसं वाटतं. त्याला उठवावंसं वाटत नाही. पण हाक मारून, हलवून ते जागं होत नसेल, श्वास अगदी संथ चालला असेल, घशातून घरघर येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ती झोप नव्हे. लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. श्वास चालू असेल तर मुलाला कुशीवर वळवा. नॅलोक्सोन नावाचं उतारा-औषध आहे. ते घरात ठेवावं का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ते दिल्यावर मूल शुद्धीवर आलं तरी हॉस्पिटल टाळू नका, कारण उताऱ्याचा असर ओसरतो आणि मूळ औषध अंगात तसंच असतं.

बाटली आणि गोळ्या कुलपात ठेवा, आणि मोजून ठेवा. "आमचा मुलगा तसला नाही हो," असं मला पुष्कळ जण म्हणतात. नसेलही. पण घरात त्याचे मित्र येतात, पाहुण्यांची मुलं येतात. आजीआजोबांच्या अंगावर दुखणं कमी करायला चिकटवलेली फेंटानिलची पट्टी काढल्यावरही तिच्यात बरंच औषध शिल्लक असतं. केराच्या टोपलीतून रांगतं मूल ती उचलून तोंडात घालतं. चिकट बाजू आत घेऊन पट्टी घट्ट दुमडा. ती आणि उरलेल्या गोळ्या कुठे परत द्यायच्या, हे औषध घेतानाच फार्मासिस्टना विचारा.

माझ्यासारखं काम करणारं कोणी ऐकत असेल, तर एक विनंती. "समजलं ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो"च येतं. सिरिंज त्यांच्या हातात द्या आणि बघत राहा.

त्या दिवशी मी त्या वडिलांच्या शेजारी बसले. सिरिंजवर अडीचच्या खुणेला चिकटपट्टीची बारीक पट्टी लावली. दुसऱ्यांदा त्यांनी बरोबर भरली, तिसऱ्यांदाही. मग ते म्हणाले, "सिस्टर, रात्रीचा डोस हिची आई देणार आहे. थांबा, तिला आत बोलावतो."