तक्रार बंद झाली, नेट मात्र सुरू झालं नाही

(ग्राहक दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून आजचा दिवस ग्राहक दिन. त्याच्या बारा वर्षं आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं. तेव्हा भांडण मापात मारणाऱ्याशी आणि भेसळ करणाऱ्याशी होतं. आज ज्या मालाबद्दल बोलायचं आहे, तो तराजूत घालता येत नाही. मोजता मात्र येतो, आणि आपण तो मोजत नाही हीच अडचण आहे.

घरचं नेट गेलं की आपण काय करतो? फोन लावतो. पलीकडून सांगतात, राउटर बंद करून चालू करा. मग ‘चोवीस तासांत माणूस येईल’. माणूस येत नाही, पण दुसऱ्या दिवशी मेसेज येतो की तुमच्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. आपण चिडून पुन्हा फोन करतो आणि नवा तक्रार क्रमांक मिळतो. आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथेच आहे. ठरलेल्या मुदतीत किती बिघाड दुरुस्त झाले, याचा हिशेब कंपनीला ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, द्यावा लागतो. तक्रार बंद केली की त्या हिशेबातलं घड्याळ थांबतं. नवा क्रमांक घेतला की ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं. तुमच्या घरी नेट पाच दिवस बंद असतं, कागदोपत्री मात्र एकेका दिवसाचे सुटे सुटे बिघाड दिसतात.

ट्रायचे सेवा गुणवत्तेचे नवे नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. घरच्या वायरवरच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते, प्रीपेड असो वा पोस्टपेड. पण ते तीन दिवस मोजायचे कुठून? तक्रार नोंदवल्यापासून. म्हणून पहिला क्रमांक सोडायचा नाही. बंद झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी लेखी कळवा: ‘अमुक क्रमांकाची तक्रार सेवा सुरू न करता बंद केली आहे, ती पुन्हा उघडा.’ ईमेल करा, ॲपमध्ये लिहा, स्क्रीनशॉट ठेवा. ओळखीच्या लाइनमनला ‘जरा बघ ना रे’ म्हणून केलेला फोन कंपनीच्या दफ्तरात कुठेच नसतो.

आणि त्या लाइनमनवर ओरडू नका, ही माझी कळकळीची विनंती. मोटरसायकलवरून शिडी घेऊन भर पावसात गच्चीवर चढणारा तो पोरगा बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतो. त्याच्या मागे दहा घरं लागलेली असतात. बिघाडाचं मूळ त्याच्या हातात क्वचितच असतं.

मग मूळ कुठे असतं? जाळ्यांच्या देखभालीत माझी नोकरी गेली, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. पूर्वी तांब्याची तार होती, आता बहुतेक शहरांत काचेचा तंतू, म्हणजे फायबर घरात येतो. कंपनीच्या यंत्रापासून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटरमध्ये फुटतो आणि ३२ किंवा ६४ घरांना प्रकाश वाटून देतो. या स्प्लिटरला वीज लागत नाही. पण कंपनीच्या त्या यंत्राला लागते, आणि ते कधी कधी शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली बॅटरीशिवाय बसवलेलं असतं. तुमच्याकडे इन्व्हर्टर असून वीज गेल्यावर नेट जातं, ते यामुळे.

घरातल्या डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला, तर प्रकाश तुमच्यापर्यंत पोचत नाही. तंतू तुटला असेल, खिडकीच्या चौकटीत करकचून वाकला असेल, किंवा जोडपेटीत पावसाचं पाणी शिरलं असेल. आपल्याकडे गच्चीवरून गच्चीवर आणि झाडांवरून लोंबत नेलेल्या केबलींचं जून-जुलैत काय होतं, ते तुम्ही रोज बघता. खाली रस्ता खणणाऱ्यांचाही मोठा हातभार असतो. खणण्याआधी केबलमालकांना कळावं म्हणून केंद्राने २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं. तुमच्या गल्लीत जेसीबी दिसला की कंत्राटदाराला एवढं विचारा, त्यावर नोंद केली का?

लाल दिवा नाही, तरीही नेट तुटक चालतं, तेव्हा आलेल्या तंत्रज्ञाला पॉवर मीटर, म्हणजे तंतूतून येणारा प्रकाश मोजणारं यंत्र, लावायला सांगा. आकडा उणे डीबीएममध्ये येतो, ते प्रकाशाची ताकद मोजायचं एकक. उणे २० च्या आसपास असेल तर ठीक. उणे २७ च्याही खाली गेला, तर राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, उपयोग नाही, लाइनच दुरुस्त करावी लागेल. तो आकडा तारखेसह लिहून ठेवा.

आणि वेग? वेग वायफायवर मोजू नका. आरसीसीच्या दोन भिंती ओलांडताना वायफाय निम्म्याहून कमी होऊ शकतं, आणि कंपनीला ‘दोष तुमच्या घरात आहे’ म्हणायला आयती जागा मिळते. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. पहाटे एकदा मोजा, रात्री दहाला एकदा मोजा, असे काही दिवस करा. पहाटे पूर्ण वेग आणि रात्री त्याचा पाचवा हिस्सा मिळत असेल, तर तुमची लाइन धडधाकट आहे. कंपनीने सगळ्या घरांना मिळून नेट पुरवणारी मागची वाहिनी न वाढवता गिऱ्हाइकं वाढवली आहेत. असं दुखणं लाइनमन बरं करू शकत नाही, आणि म्हणूनच ते लेखी वर पोचलं पाहिजे.

वर म्हणजे कुठे? पहिली पायरी तक्रार केंद्र. दुसरी पायरी कंपनीचंच अपिलीय प्राधिकरण, आणि ही बहुतेकांना माहीतच नसते. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार पहिल्या पायरीची मुदत संपल्यावर ३० दिवसांत तिथे अपील करता येतं. पैसे पडत नाहीत आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अपिलावर सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचाही एक प्रतिनिधी असतो. तुमचे तक्रार क्रमांक, तारखा, मोजणीचे स्क्रीनशॉट, पॉवर मीटरचा आकडा हे सगळं इथे कामाला येतं. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्रं पाठवण्यात महिने घालवू नका.

त्यानंतर ग्राहक आयोग. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे टेलिफोनचे वाद ग्राहक मंचाबाहेर, म्हणजे आजच्या आयोगाबाहेर, गेले होते, आणि अनेक वर्षं कंपन्यांचे वकील तोच निकाल पुढे करत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दूरसंचार सेवेबद्दल ग्राहकाला आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात, कारण मग कंपनीतला वेगळा माणूस फाइल हातात घेतो.

एक गोष्ट मला फार खटकते. स्वस्त पडतं म्हणून आपण वर्षाचे पैसे आगाऊ भरतो आणि पुरवठादार बदलायची ताकद पहिल्याच दिवशी त्याच्या हाती देतो. नव्या कंपनीचा एक पावसाळा बघा. तोवर महिन्याचे महिन्याला भरा, चार पैसे जास्त गेले तरी.

पण बदलायला दुसरा पुरवठादार तर हवा! आमच्या ओळखीतल्या एका मोठ्या गृहसंकुलात बिल्डरने एकाच कंपनीला आत घेतलं होतं. डक्टची, म्हणजे इमारतीतून केबल नेण्याच्या बंदिस्त जागेची, किल्ली त्याच कंपनीकडे. दहावी-बारावीच्या मुलांचे ऑनलाइन क्लास बुडत होते, घरून काम करणारी एक मुलगी मीटिंगसाठी गाडीत बसून मोबाइलचं नेट वापरत होती, आणि कंपनी निवांत होती. ही दादागिरी एकट्या सदनिकाधारकाने मोडत नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करावा लागतो: डक्ट आणि गच्ची सोसायटीची, किमान दोन पुरवठादारांना समान अटींवर प्रवेश, लोंबत्या केबलींना बंदी, आणि बिघाडांची एक सामाईक वही. ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियम केले आहेत. नवं घर घेणाऱ्यांनी पार्किंगच्या बरोबरीने हेही बिल्डरला विचारावं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘वकील करावा लागेल का?’ नाही. आयोगापुढे तुम्ही स्वतः बोलू शकता, मराठीत बोलू शकता. तारखांची यादी एका कागदावर क्रमाने लिहून न्या. इथे व्यासपीठाजवळ कार्यकर्ते बसले आहेत, ज्यांच्या तक्रारी सध्या अडकल्या आहेत त्यांनी मोबाइलवरचे मेसेज घेऊन यावं. पहिलं पत्र आपण आत्ताच लिहून टाकू.