इन्स्टॉल झालं, पुढचं काय?

(दृश्य: लांब टेबलावर मांडलेले जुने लॅपटॉप, खाली एक्स्टेंशन बोर्डांचा गुंता)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा फुकट सपोर्ट संपला. संपला म्हणजे मशीन काही बंद नाही पडलं, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखंच सुरू झालं, फक्त सिक्युरिटीचे अपडेट यायचे थांबले, आणि ते वर्षभर लांबवायची सोय आहे पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, ते किती घरांत कोणी केलं असेल देव जाणे. विंडोज ११ टाकू म्हटलं तर ते टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप मागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचाच लागतो. म्हणजे २०१६ ला हप्त्यांवर घेतलेला धडधाकट लॅपटॉप, ज्यावर आजही लाइट बिल भरलं जातं, मुलांचे प्रोजेक्ट होतात, तो कागदोपत्री रिटायर.

"मग लिनक्स टाका की" हा सल्ला कोणीही देतं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. सल्ला चांगलाच आहे, तिचे मिंट, उबंटू असे तयार प्रकार आहेत, कुठलाही घ्या, पैसे लागत नाहीत, चार जीबी रॅमवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बऱ्यापैकी चालते. पण सल्ला देणारा निघून जातो आणि खरे प्रश्न दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ ला हेलसिंकीत शिकत असताना लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, लिहायला घेतला. आपल्या घरांत लिनक्स आलं ते मुख्यतः सीडीवरून. डायलअपवर अख्खी सीडी उतरवायची म्हणजे रात्रभर फोन अडकणार आणि वर बिल, त्यामुळे पीसीक्वेस्टसारख्या मासिकासोबत आलेली सीडी हातोहात फिरायची, पुढे तर उबंटूवाले मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे, २०११ पर्यंत ते चाललं. सीडी घ्यायला माणसं भेटायची, भेटली की एकमेकांच्या मशीनमधे डोकं घालायची, शहराशहरातल्या लिनक्स युजर्स ग्रुपना बळ मिळालं ते यातून. पुण्यातला प्लग घ्या. महिन्याचा पहिला शनिवार, मॉडेल कॉलनीतली सिम्बायोसिसची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट, वर्षानुवर्षं हे ठरलेलं, तिथेच जीएनयुनिफाय नावाचं संमेलनही भरायचं.

मग ब्रॉडबँड आलं. ज्यांना यातलं कळतं त्यांचं काम घरबसल्या व्हायला लागलं, अडलं की सर्च, कमांड पेस्ट, सुटलं. शनिवारी रिक्षा करून कोण जाणार? यात मागे राहिला तो, ज्याला काय सर्च करायचं हेच माहीत नाही. (आता एआयला विचारतात, तोही कमांड देतो, चुकीची असली तरी त्याच आत्मविश्वासाने.)

(दृश्य: इन्स्टॉल फेस्ट, म्हणजे स्वयंसेवक लोकांच्या मशीनवर लिनक्स टाकून देतात तो कार्यक्रम. स्क्रीनवर पेनड्राइव्हवरून चालू झालेलं लिनक्स)

टेबलावर नेमकं काय होतं ते बघण्यासारखं आहे. चांगला स्वयंसेवक आधी हात बांधून बसतो आणि विचारतो, फोटोंचा बॅकअप घेतलाय का? बहुतेक वेळा नसतो. मग तो आधी. त्यानंतर डिस्क विंडोजच्या बिटलॉकर नावाच्या कुलपाने लॉक आहे का, असेल तर रिकव्हरी की कुठेय, ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमधे असते आणि त्या अकाउंटचा पासवर्ड अमेरिकेत असलेल्या मुलाला माहीत असतो, मग तिकडे सकाळ व्हायची वाट बघा. मग मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायला एफ२, एफ१२, एस्केप, प्रत्येक कंपनीचं बटण वेगळं. आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून दाखवायचं, इन्स्टॉल काहीच करायचं नाही. वायफाय धरतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा चालतोय का, टचपॅड नीट आहे का. हे सगळं हिरवं झालं की मगच पुढे. घाई करून थेट फॉरमॅट मारणारे उत्साही कार्यकर्ते मी बघितलेत, त्यांच्यापासून लांब राहा.

आणि "नका टाकू" असं सांगणाराही त्याच टेबलावर पाहिजे. घरात दुकानाचा हिशोब टॅलीवर असेल, रिटर्न भरायला डिजिटल सहीचं टोकन लागत असेल, तर विंडोज लगेच उडवायचं नाही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचं. प्रिंटरचं तर विचारूच नका, काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर पहिल्या फटक्यात चालतात आणि काहींच्या ड्रायव्हरपायी अख्खी दुपार जाते. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर माणूस घरी जाऊन लिनक्सला शिव्या घालतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

मराठीचा घोळ वेगळाच. सोसायटीच्या सेक्रेटरींची वीस वर्षांची पत्रं श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली, लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमधे (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल खराब झालेली नसते, जुना फॉन्ट नाही म्हणून तसं दिसतं, कन्व्हर्टरने ती पत्रं युनिकोडमधे, म्हणजे सगळीकडे दिसणाऱ्या मराठीत, आणता येतात, पण हे कोणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. नवीन टायपिंग सोपं आहे, इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड जोडायचा, लोहित फॉन्ट बऱ्याच ठिकाणी आधीपासूनच असतो, त्याच्यावरचं बरंच काम पुण्यातल्याच रेड हॅटच्या ऑफिसात झालंय.

(दृश्य: एका आजींच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात मराठी पत्र)

म्हणून मला इन्स्टॉल फेस्टपेक्षा त्याच्या पुढच्या महिन्याची भेट महत्त्वाची वाटते. पहिल्या दिवशी सगळे खूश, फोटोबिटो काढतात. महिन्याने तोच माणूस परत येतो आणि सांगतो की अपडेट करू का असं विचारत होतं म्हणून मी नाहीच म्हटलं, किंवा बँकेचं पीडीएफ उघडत नाही, किंवा नातवाने काहीतरी दाबलं आणि खालची पट्टी गेली. दोन मिनिटांची कामं आहेत सगळी. पण दोन मिनिटांसाठी फोन कोणाला करायचा हे त्याला माहीत असलं तरच ते मशीन टिकतं, नाहीतर कोपऱ्यावरचा दुकानदार पाचशे रुपयात क्रॅक विंडोज टाकून देतोच.

केरळने हे वेगळ्या वाटेने केलं. तिथे सरकारी शाळांत कॉम्प्युटर शिकवतात तोच लिनक्सवर, काइट ही सरकारी संस्था ते बघते, त्यामुळे अडलं की आठवीतलं पोरगंच घरच्यांना मदत करतं. आपल्याकडे तसं नाही. पण आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे छोटे व्हिडिओ, मराठीतून सुद्धा, फुकट. एका खिडकीत व्हिडिओ, शेजारच्या खिडकीत आपण करायचं. ग्रंथालयात, विरंगुळा केंद्रात असा एक तास लावायला खर्च काहीच नाही, खुर्च्या असतातच.

बाहेर नवीन उत्साह दिसतोय. अ‍ॅमस्टरडॅममधे २००९ ला सुरू झालेले रिपेअर कॅफे, जिथे लोक मिक्सर-इस्त्री दुरुस्त करून घेतात, त्यातले काही आता एंड ऑफ टेन मोहिमेत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देतात.

तुमच्या भागात काही करायचं तर सप्टेंबरचा तिसरा शनिवार पकडा, सॉफ्टवेअर फ्रीडम डे असतो तो. ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या भेटीची तारीख त्याच पोस्टरवर छापा. आणि येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, चार्जर आणा, रिकामी हार्डडिस्क आणा, आणि ईमेलचा पासवर्ड घरीच तपासून या.