हजार कादंबऱ्यांचा हिशेब

नमस्कार. बाहेरच्या फलकावर विषय लिहिला आहे, 'मराठी रहस्यकथा आणि भयकथा: अर्नाळकर ते धारप'. त्या विषयावर मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलायला वाचनालयाच्या सभागृहापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार?

बाबूराव अर्नाळकर म्हटलं की आपल्या तोंडून पहिल्यांदा आकडा येतो. हजाराच्या वर कादंबऱ्या. गुरुनाथ नाईक म्हटलं की पुन्हा तोच, हजाराच्या वर. आता त्यातली पंचवीस नावं सांगा. पुढच्या रांगेत बोटांवर मोजणं सुरू झालेलं दिसतंय. मोजा, व्याख्यान संपेपर्यंत वेळ आहे. झुंजार आठवेल, काळा पहाड आठवेल, धनंजय आणि छोटू आठवतील. पात्रं आठवतात, पुस्तकं आठवत नाहीत. अमुक कादंबरी कुठल्या साली आली, कुणी छापली, किती पानांची होती, हे विचारलं की सगळं धूसर होतं.

माझं म्हणणं असं आहे की लोकप्रिय लेखक मागे किती उरतो हे त्याच्या प्रतिभेइतकंच कागदांवर ठरतं. पुस्तकाची धड प्रत, त्या पुस्तकाची धड नोंद आणि लेखकाचा धड करार. या तिन्हींशिवाय हजार कादंबऱ्या म्हणजे नुसता आकडा.

यासाठी एडगर वॉलेसची हकिगत सांगतो. अर्नाळकरांच्या पिढीने जे इंग्रजी लेखक झपाटून वाचले त्यातला हा मोठा. जन्म १८७५, लंडनजवळच्या ग्रिनिचचा. मासळीबाजारातल्या एका हमालाच्या घरात वाढला, पुढे बोअर युद्धाचा वार्ताहर झाला. १९०५ साली त्याने पहिली रहस्यकादंबरी लिहिली, चार न्यायनिष्ठ खुन्यांची. प्रकाशक मिळेना म्हणून स्वतःच प्रकाशनसंस्था काढली. विक्रीसाठी युक्ती अशी की मंत्र्याचा खून बंद खोलीत कसा झाला हे पुस्तकात सांगायचंच नाही. वाचकांनी ओळखायचं आणि ५०० पौंडांची बक्षिसं न्यायची. लंडनभर जाहिराती लागल्या, पुस्तक धडाक्यात खपलं.

चूक नियमांत होती. बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकी बक्षीस किती जणांना, याची मर्यादाच घातलेली नव्हती. अचूक उत्तरं येत गेली तशी देणी वाढत गेली, आणि जाहिरातींचा खर्च तर आधीच झालेला. विजेत्यांची यादी जाहीर व्हायला उशीर होत गेला तसा लोकांना फसवणुकीचा वास येऊ लागला. ज्या वृत्तपत्रात तो नोकरीला होता त्याच्या मालकाला, अल्फ्रेड हार्म्सवर्थला, पत्राची अब्रू वाचवायला त्याला मोठं कर्ज द्यावं लागलं. शेवटी वॉलेसने त्या कादंबरीचे सगळे हक्क शंभर पौंडांपेक्षा कमी पैशांत विकून टाकले. ती पुढे वर्षानुवर्षं खपत राहिली, आणि तिचं उत्पन्न दुसऱ्याच्या खिशात गेलं.

त्या एका वाक्याची किंमत बघा. 'बक्षीस पहिल्या अमुक उत्तरांनाच' एवढं छापलं असतं तर पुस्तक त्याच्याकडे राहिलं असतं. पुढे मात्र चित्र बदललं. तो मेणाच्या नळकांड्यांवर कादंबऱ्या बोलायचा, सचिव त्या टंकलिखित करायचे, आणि त्यातल्या बऱ्याचशांवर त्याला रॉयल्टी होती. १९३२च्या फेब्रुवारीत हॉलिवूडमध्ये 'किंग काँग'च्या पटकथेवर काम करताना तो गेला, तेव्हा डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. पुस्तकांच्या उत्पन्नातून ते कर्ज दोन-तीन वर्षांत फिटलं. १९५९पासून पश्चिम जर्मनीत त्याच्या कथांवर तीसच्या वर चित्रपट निघाले. कोण कुणाला किती देणार हे कुठेतरी लिहिलेलं होतं, म्हणून हे होऊ शकलं.

हक्कांचाच विषय निघाला आहे तर आणखी एक सांगतो, कारण हे पुरेसं सांगितलं जात नाही. बुकर पारितोषिकाची बातमी आपल्याकडे पहिल्या पानावर येते. अरुंधती रॉय यांना १९९७ साली ते मिळालं तेव्हा घराघरांत चर्चा होती. बुकर ही मुळात ब्रिटिश गियानातल्या साखरेच्या धंद्यातली कंपनी. तिने १९६४ साली इयान फ्लेमिंगच्या, म्हणजे जेम्स बाँडच्या, हक्कांच्या कंपनीतला ५१ टक्के हिस्सा घेतला. १९६८ साली अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या कंपनीतलाही ५१ टक्के घेतला. भूतविद्येच्या कादंबऱ्या लिहिणारा डेनिस व्हीटलीही कंपनीच्या याच, लेखकांचे हक्क घेणाऱ्या विभागात होता. या विभागामुळे कंपनीचा पुस्तकांशी संबंध आला आणि १९६९ साली पहिलं बुकर दिलं गेलं. अभिजात साहित्याच्या त्या मानाच्या पारितोषिकामागे हेरकथा, खूनकथा आणि भुताटकीचा पैसा आहे. रहस्यकथेला साहित्य न मानणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

आता प्रतीबद्दल. मला सर्वांत जास्त कळकळ याचीच आहे.

आपली रहस्यकथा वाढली ती फिरत्या वाचनालयांवर. ९६ पानांची कादंबरी म्हणजे सोळा पानांचे सहा फर्मे, म्हणजे एकत्र छापून दुमडलेले कागद. कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातलं एक द्रव्य, हवा-उजेडाने पिवळं पडतं, आम्लता वाढते आणि काही वर्षांत पान दुमडलं की तुकडा हातात येतो. पाठीजवळ आरपार तारेच्या दोन पिना. पावसाळ्यात त्या गंजतात, गंज कागद खातो, आणि पहिला आणि शेवटचा फर्मा आधी सुटतो. रहस्यकथेत शेवटचा फर्मा जाणं म्हणजे खुनी पळून जाण्यासारखंच! नोंद करणाऱ्याला मात्र पहिला फर्मा गेल्याचं दुःख जास्त, कारण शीर्षकपान, साल, मुद्रक, आवृत्ती, किंमत सगळं तिथेच असतं.

मग पुस्तक बाइंडरकडे जातं. तो आधी रंगीत मुखपृष्ठ काढून टाकतो, पुठ्ठा लावतो, पाठीला कापड चिकटवतो आणि तिन्ही बाजूंनी कटिंग मारतो. दर बांधणीला तीन-चार मिलिमीटर कागद जातो. दोन बांधण्यांनंतर पानाच्या माथ्यावरचं शीर्षक अर्धं कापलेलं असतं. बाइंडरचा दोष नाही. पुस्तक अजून पन्नास हातांतून जावं म्हणूनच तो बांधतो. पण मुखपृष्ठ आणि शीर्षकपान वेगळं काढून पाकिटात जपा, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

यावर कायदा होता का? होता, आणि चांगला होता. १८६७च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारकडे द्यावी लागे, आणि सरकार दर तिमाहीला यादी छापत असे. त्या यादीत काय काय असायचं ते ऐका: नाव, भाषा, लेखक, विषय, मुद्रक, प्रकाशक, प्रसिद्धीची तारीख, पानं, आकार, आवृत्ती, किती प्रती छापल्या, किंमत, आणि हक्कदाराचं नाव-पत्ता. किती प्रती आणि हक्क कुणाचा, दोन्ही! जुन्या मराठी रहस्यकथेवर काम करायचं असेल त्याने मुंबई इलाख्याच्या या याद्यांपासून सुरुवात करावी. नंतर १९५४चा कायदा आला. प्रकाशकाने स्वखर्चाने तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठिकाणी प्रत पाठवायची. नाही पाठवली तर दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. पन्नास रुपयांच्या धाकाने कोण टपालखर्च करणार? आणि १८६७च्या कायद्याची जागा घेणारा नियतकालिकांचा नवा कायदा मार्च २०२४मध्ये लागू झाला. त्यात पुस्तकं नाहीतच.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. अर्नाळकर ते धारप दहा मिनिटांत. हरकत नाही.

अर्नाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ ते १९९६. आपल्या कायद्याने हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०५७ला सर्वांसाठी मोकळी होतील. टोपणनावाची अडचण इथे नाही, कारण माणूस माहीत आहे. पण ज्या नावामागचा लेखक उघड नाही, त्या पुस्तकाची साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. शीर्षकपान गेलं की साल गेलं, आणि साल गेलं की पुस्तक मोकळं झालं की नाही हे कुणी सांगू शकत नाही. मघाचा पहिला फर्मा इथे आडवा येतो.

नारायण धारप. १९२५ ते २००८. समर्थ हे त्यांचं पात्र. भुताला देव्हारा, वाडा, आजीची खोली अशी मराठी घरातली जागा त्यांनी दिली, आणि स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली 'लुचाई' वाचतानासुद्धा हे जाणवतं. त्यांची पुस्तकं साकेत प्रकाशनाने नव्याने काढली, म्हणून नवा वाचक त्यांच्यापर्यंत पोचला. 'तुंबाड' चित्रपट २०१८ला आला, त्यामागे त्यांची 'आजी' ही कथा आहे. २०२४ला तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. चित्रपट पाहून दुकानात गेलेल्याला धारप विकत मिळतात. सुहास शिरवळकरांचंही तसंच. ते २००३ला गेले, 'दुनियादारी' पडद्यावर आली २०१३ला. त्या वाटेने आलेल्या मुलांना त्यांच्या रहस्यकथांतली पात्रं, दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन, भेटली पाहिजेत.

आता करार, भराभर. या लेखकांचे वारस आणि प्रकाशक सभागृहात असतील तर त्यांच्यासाठी. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी नसेल तर ते हस्तांतरणच नव्हे. तोंडी 'सगळं विकलं' याला अर्थ नाही. म्हणून रोख पैसे घेऊन दिलेल्या पुस्तकाचे हक्क गेलेच असं समजू नका, आधी कागद शोधा. १९९४च्या दुरुस्तीनंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. अशाच करारात घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो परत येतो.

आणि नोंद. घरी अशी एक जरी कादंबरी असेल तर उद्या एवढं करा. चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. गंजलेली पिन ओढू नका. पाठीमागून तिचे पाय हलके सरळ करून ती उचला आणि तिच्या जागी सुती दोरा घाला. पुस्तक पूर्ण उघडून दाबू नका, काटकोनापेक्षा थोडं जास्त उघडलं तरी पुरतं. मुखपृष्ठ, शीर्षकपान, त्याची मागची बाजू आणि शेवटचं पान, एवढ्या चार बाजू तरी ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा. काळ्या-पांढऱ्यात शिक्का आणि पेन्सिलीची अक्षरं हरवतात. कार्डावर नाव, मालिकेतला क्रमांक, साल, आवृत्ती, मुद्रकाचा पत्ता, पानं, उंची सेंटिमीटरमध्ये, किंमत. साल नसेल तर कोरं ठेवा, अंदाज लिहू नका. एकाने लिहिलेला अंदाज दुसरा खरा म्हणून उतरवतो. मागच्या मुखपृष्ठावर 'आगामी' म्हणून ज्या कादंबऱ्यांची नावं छापली आहेत तीही उतरवा, पण वेगळ्या रकान्यात, कारण जाहीर झालेली प्रत्येक कादंबरी निघालीच असं नसतं, आणि निघाली तरी कधी कधी नाव बदलून निघते. ख्रिस्तीच्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'चं अमेरिकेत झालं तसं. तिकडे ती १९३४ला 'मर्डर इन द कॅले कोच' या नावाने आली. एकाच कादंबरीची दोन नावं मोजली तर हजाराचा आकडा फुगतो. म्हणून पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्यही कार्डावर लिहा. नाव बदललं तरी ती दोन वाक्यं सहसा बदलत नाहीत.