घाई नाही, असं म्हणू नका

(अंबाजोगाईत डॉक्टर आणि नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पत्रिकेवर ‘थायरॉइडच्या आक्रमक कर्करोगावरची नवी औषधं’ असं छापलंय. तिकडे येतोच. पण औषधाआधी जे दिवस वाया जातात, त्यांच्याबद्दल मला आधी बोलू द्या.

थायरॉइडचे बहुतेक कर्करोग हळू वाढतात. शस्त्रक्रिया, गरजेप्रमाणे किरणोत्सारी आयोडीन, रोजची गोळी. माणूस वर्षानुवर्षं सुखाने जगतो. म्हणून ‘थायरॉइडची गाठ ना, मग घाई नाही’ हे वाक्य आपल्या तोंडी बसलंय. पण शंभरात एकदोघांना अ‍ॅनाप्लास्टिक प्रकार होतो. त्यावर आयोडीन चालत नाही, गाठ आठवड्यागणिक वाढते, श्वासनलिका आवळते. पूर्वी निदानानंतर साधारण ५ महिन्यांत निम्मे रुग्ण जायचे.

केजकडच्या एक आजी. गलगंड जुनाच, गावात कुणाला त्याचं नवल नव्हतं. एके दिवशी गळ्यातली पोत काचायला लागली. आवाज बसला. लेक म्हणाला, “डॉक्टर, हळदीचं दूध देतोय, पण घोट उतरंना.” बायोप्सी लगेच झाली, निदानही आलं. पुढे जनुकाच्या तपासणीसाठी ब्लॉक, म्हणजे बायोप्सीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा, हवा होता. एका ठिकाणी म्हणाले पत्र आणा. पत्रावर शिक्का नाही म्हणून परत पाठवलं. शिक्का आणला तर सही करणारे साहेब रजेवर. सोयाबीनची काढणी सोडून तो पोरगा खिडक्यांपुढे उभा, आणि ब्लॉक त्याच इमारतीतल्या कपाटात! शेवटी अहवाल आला, बदल सापडला, औषध लागू पडण्याजोगं होतं. आजी आधल्याच आठवड्यात गेल्या होत्या. याचा राग मला आजही येतो, आणि तो तुम्हालाही यावा असं मला वाटतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर भरभर सांगतो.

या रुग्णांपैकी दहात साधारण चौघांत बीआरएएफ जनुकात व्ही६००ई हा बदल असतो. त्यामुळे पेशीला ‘वाढ’ म्हणणारा संदेश थांबतच नाही. या बदललेल्या जनुकाचं प्रथिन डाब्राफेनिब हे औषध अडवतं, तर ट्रॅमेटिनिब त्याच वाटेवरचं पुढचं एमईके हे प्रथिन अडवतं. पहिली १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दुसरी २ मिलिग्रॅम एकदा, दोन्ही तोंडाने. अमेरिकेत मे २०१८ मध्ये या जोडीला मान्यता मिळाली. चाचणीतल्या ३६ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांची गाठ ठळकपणे आकसली. इतरत्रही काही रुग्णांची गाठ इतकी आकसली, की आधी अशक्य वाटलेली शस्त्रक्रिया करता आली. कायमचा बरा होईल असं वचन मी देत नाही. औषध पुढे निकामी होऊ शकतं. ताप वारंवार येतो, तेव्हा गोळ्या काही काळ थांबवाव्या लागतात, ते घरच्यांना आधीच सांगा. बीआरएएफमध्ये हा बदल नसेल तर आरईटी, एनटीआरके या जनुकांतले बदल पाहा, त्यांच्यावरही गोळ्या आहेत.

जनुकाच्या पूर्ण तपासणीला आठवडे लागतात. पण त्याच ब्लॉकवर व्हीई१ हा व्ही६००ई बदल दाखवणारा रंग लावला तर एकदोन दिवसांत अंदाज येतो. म्हणून निदानाच्या दिवशीच पॅथॉलॉजिस्टला फोन करा. श्वासाला घरघर असेल तर रुग्णाला आधी दवाखान्यात दाखल करा. औषध महाग आहे, मदतीचे अर्जही त्याच दिवशी भरा, अहवालाची वाट पाहू नका.

प्रश्न बाहेर चहाला घेऊ. ज्यांच्याकडे आत्ता असा पेशंट आहे, त्यांनी आधी मला भेटा.