गाडीचं रॅप उतरवताना

श्रोतेहो, नमस्कार.

गाडीला नवं रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची फिल्म, चढतं तेव्हा बघायला चार माणसं जमतात. ते उतरवायची वेळ काही वर्षांनी येते, तेव्हा मालक एकटाच असतो आणि हातात असतो घरातला हेअर ड्रायर. आजचं बोलणं त्या एकट्या माणसासाठी आहे.

एक वाक्य आधीच सांगतो, पुढेही सांगेन. रॅप ओढून काढायचं नसतं, सोडवायचं असतं. आधी ऊब द्यायची, मग फिल्म पत्र्याला लगटून मागे वळवायची आणि हात सावकाश चालवायचा.

हे का, ते थोडक्यात. ही फिल्म विनाइल नावाच्या प्लॅस्टिकची, पातळ, जाडीला मिलिमीटरचा साधारण दहावा भाग. कारखान्यात दिलेला गाडीचा रंगही, तळाच्या प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअर कोटपर्यंत सगळे थर मिळून, जवळपास तेवढाच. म्हणजे दोन सारख्याच पातळ थरांच्या मध्ये गोंद बसलाय. तुम्ही ओढलंत की त्या गोंदाला कुणाची तरी साथ सोडावी लागते. त्यानं रंगाची साथ सोडावी, एवढंच आपल्याला हवं असतं. उबेनं गोंद मऊ पडतो, फिल्म लवचीक होते आणि काम सोपं जातं.

आता माझ्या मामेभावाच्या गाडीची गोष्ट सांगतो, कारण मी जे शिकलो ते तिथेच.

त्यानं वापरलेली गाडी घेतली होती. वरून राखाडी मॅट रॅप, आत गडद निळा मूळ रंग. त्याला तो निळाच हवा होता. मला म्हणाला, "दादा, रविवारी ये, दोघं मिळून उतरवू." सकाळी गाडी सावलीत घेतली, स्वच्छ धुतली, पुसली. धुणं महत्त्वाचं, कारण कडेला साचलेली बारीक वाळू फिल्मबरोबर घासली गेली की तिचे ओरखडे रंगावर उठतात. आणि विषय निघालाच आहे तर सांगतो: रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडीवरची धूळ पुसू नका. ती पुसली जात नाही, रंगावर घासली जाते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल रेषा दिसतात, त्यातल्या कितीतरी या फडक्याच्या असतात. पाणी ओता, मग पुसा.

तर, सुरुवात डाव्या मडगार्डपासून केली. कोपरा गरम केला, नखानं उचलला आणि फिल्म स्वतःवरच उलटी घेत निघालो. मऊ, लांब असा आवाज येत होता, ओल्या फळाची साल निघावी तसा. अर्ध्या तासात अख्खं मडगार्ड निळं झालं. इतका सुंदर निळा, की आम्ही दोघं दोन मिनिटं नुसते बघत उभे राहिलो.

टपानं मात्र घाम काढला. टप, बॉनेट, डिकी या आडव्या भागांवर ऊन थेट पडतं. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेलं असतं. उन्हात वर्षानुवर्षं ते निघून जातं आणि फिल्म पापडीसारखी ठिसूळ होते. टपावरचं रॅप नखाएवढ्या तुकड्यांनी निघत होतं. दुपार तिथेच संपली. पण रंगाला काही झालं नाही.

मग आलं डावीकडचं पुढचं दार. एव्हाना हात बसला होता आणि भाऊ वेगानं ओढत होता. मी ड्रायर धरला होता. मधेच आवाज बदलला. तो लांब मऊ आवाज थांबून बारीक "टक" झालं. मी म्हटलं, "अरे थांब, थांब!" तोवर तळहाताएवढी फिल्म हातात आली होती आणि तिच्या उलट्या बाजूला निळा रंग होता. दारावर त्या जागी राखाडी प्रायमर, आणि मधोमध पिवळसर पुट्टी, म्हणजे पत्र्यातला खड्डा भरायचा लेप.

भाऊ काही बोलला नाही. विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं की गाडीला कधी साधा धक्कासुद्धा लागलेला नाही. मला आजही वाटतं, वापरलेली गाडी विकताना डेंटिंग-पेंटिंग झालंय हे सांगायला काहीच हरकत नसते. घेणारा त्यासाठी सौदा मोडत नाही. पण लपवलेलं असं कळलं की ते मनातून जात नाही.

ओळखीचे एक वयस्क पेंटर जवळच होते, त्यांना बोलावलं. त्यांनी काही हातात घेण्याआधी दारावर बोटाच्या पेरानं टिचक्या मारल्या, वरपासून खालपर्यंत. चांगल्या जागी पत्रा वाजायचा, मधे आवाज बसका यायचा. मग खिशातून पातळ कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक काढलं. कडेला ते चिकटलं, मधोमध आणताच घसरून खाली पडलं. म्हणाले, "इथे पुट्टी जाड आहे. दार पुन्हा रंगवलेलं आहे. कारखान्याचा रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो. गॅरेजमधला फार तर ६० अंशांच्या आसपास सुकवतात, कधी नुसता वाऱ्यावर. खाली घासणी नीट झाली नसेल तर तो असाच उचलतो."

नंतर त्यांनी जे केलं ते डोळ्यांपुढे ठेवा. लोंबणारी फिल्म ओढली नाही. उचललेल्या रंगाच्या कडेपाशी ती कात्रीनं कापून टाकली, म्हणजे ओढ पुढे जायला नको. मग दाराच्या दुसऱ्या कडेनं आले. अख्खी फिल्म एकदम न ओढता दोन-दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापून घेतल्या. पट्टी अरुंद असली की रंगावर जोर कमी येतो. ब्लेड पत्र्यावर टेकवलं नाही. फिल्म आधी उचलायची आणि हवेत कापायची. (रॅप लावणारे काही जण गाडीवरच ब्लेड फिरवून कडा कापतात, त्याचा मला फार राग येतो. ती रेघ क्लिअर कोटमध्ये उतरते आणि रॅप निघाल्यावरच दिसते.) प्रत्येक पट्टीला ऊब, आणि हात इतका संथ की बघणाऱ्याला पुढे सरकतोय की नाही कळू नये. बाकीचं दार वाचलं. त्या तळहाताएवढ्या जागेसाठी पुढे दार रंगवावं लागलं, पण ते एकच.

म्हणून पुन्हा सांगतो: सोडवायचं, ओढायचं नाही. आणि सुरू करण्याआधी प्रत्येक भागावर टिचकी मारा, पोलादी पत्र्यावर चुंबक फिरवा. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे चुंबक चालणार नाही. बंपर सगळ्यात जास्त वेळा रंगवले जातात, तेव्हा तिथे संशय धरूनच चला.

ऊब किती? फिल्म साधारण ५० ते ६० अंश. हात टेकवला तर दोन-तीन सेकंदांत काढून घ्यावासा वाटेल, इतपत. हीट गन, म्हणजे ड्रायरपेक्षा खूप गरम हवा सोडणारं यंत्र, वापरत असाल तर ती वीतभर लांब आणि सतत हलती ठेवा, एका जागी थांबली तर रंग भाजतो. मागे रंगावर गोंद राहू लागला तर ऊब जास्त होतेय किंवा हात घाई करतोय, असं समजा. फिल्म तुकड्यांनी तुटू लागली तर बहुधा ऊब कमी पडतेय.

उरलेल्या गोंदाला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा गोंद काढायचं तयार द्रावण. आधी पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. रंगाला काही होत नसेल तर गोंदावर लावा, दोन-चार मिनिटं मुरू द्या, मायक्रोफायबर कापडानं पुसा, हट्टी जागी प्लॅस्टिकची खरवडणी. थिनर नको. पुन्हा रंगवलेल्या भागाचा रंग थिनरनं विरघळू शकतो. आणि अल्कोहोल हातात घेण्याआधी हीट गन बंद करून दूर ठेवा, त्याची वाफ पेट घेते.

शेवटी गाडी शांपूनं धुवा, पॉलिश, मग वॅक्स. दारं उघडून कडा बघा, हँडलच्या खोबणीत आणि रबराच्या पट्टीखाली बोट फिरवा. गोंदाचा चिकटा तिथेच राहतो, आणि दोन दिवसांत त्यावर धुळीची काळी रेघ धरते.

नमस्कार.