मादी खुडूक बसते तेव्हा

(काळा पडदा. ओहळाचं पाणी. लांबवर कुठेतरी फांदी कटकन मोडते.)

पहाटेचे साडेपाच. एप्रिलचा चौथा आठवडा लागला तरी बोटं गारठलीत. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याचा दक्षिण भाग, ओझार्कच्या टेकड्या, मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्ट. पंधरा लाख एकरांचं हे सरकारी रान, आणि त्यातल्या एका ओकच्या बुंध्याला पाठ टेकून आम्ही दोघं रानटर्की या पक्ष्याच्या शिकारीला बसलोय. मी सेंट लुईसमध्ये नोकरी करणारा, आयुष्यात बंदूक न धरलेला. सोबत आमच्या गल्लीतले शेजारी. वय पंचाहत्तर, त्यातले पन्नास वसंत असेच बुंध्यांना टेकून गेलेले. त्यांनी एकाच अटीवर चित्रीकरणाला होकार दिला: नाव घ्यायचं नाही आणि जागा सांगायची नाही. नावाची फिकीर कमी, जागेची जास्त. म्हणून या निवेदनात ते नुसते म्हातारबा.

गाडीतून उतरताना त्यांनी बॅटरीच्या उजेडात मला आपादमस्तक न्याहाळलं आणि जाकिटाखालचा लाल टी-शर्ट उतरवायला लावला. लाल, पांढरा आणि निळा, हे तीन रंग या हंगामात अंगावर नकोत. रुमालसुद्धा नको. का, ते पुढे येईलच.

म्हातारबा तोंडाशी हात धरून घुबडाचा आवाज काढतात. आठ टप्प्यांची घूक, शेवटी लांबवलेली. रान गप्प. आणि मग समोरच्या धारेवरून...

(गॉबल. तीन सेकंद दुसरा आवाज नाही.)

या आवाजाला मराठीत शब्द नाही. कोंबडा आरवतो, पारवा घुमतो, मोराचा केकारव. अरुंद गळ्याच्या मडक्यातलं पाणी कुणीतरी घाईघाईने उपडं करतंय आणि तेही लाऊडस्पीकरसमोर, असं काहीसं. इंग्रजीत 'गॉबल' म्हणतात, आपणही तेच म्हणू. घुबडाला टर्की उत्तर देतो यात दोस्ती नाही, दुश्मनीही नाही. त्याला उमाळा आवरत नाही एवढंच. कावळा ओरडला, वीज कडाडली, मोटारीचं दार आपटलं, तरी तो गॉबलतो.

(उजाडतंय. उंच झाडाच्या आडव्या फांदीवर मोठी काळी आकृती.)

हा रानटर्की. ख्रिसमसच्या ताटातल्या पांढऱ्या, जड पाळीव पक्ष्याचा रानटी भाऊबंद. नर आठ-दहा किलोचा, मादी त्याच्या निम्मी. एवढं धूड रात्र झाडावर काढतं. छातीतून राठ केसांचा झुपका लोंबतो, त्याला शिकारी 'दाढी' म्हणतात. पायामागे काटा, कोंबड्याला असतो तसा. चोचीवर एक मांसल सोंड, जी रंगात आला की लांबून चोचीच्या खाली लोंबते. माद्या म्हणे हिचीच लांबी बघतात. म्हणे कशाला, प्रयोगांत तसंच दिसलंय.

आपल्या भागाशी या पक्ष्याचं नातं जुनं आहे. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याला गेला, फिरंग्यांकडच्या अजब वस्तू विकत घ्यायला. त्याने आणलेल्या प्राण्यांत एक टर्की होता. बादशहा खुळावलाच. दरबारी चित्रकार मन्सूरकडून त्याने त्याचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आणि आठवणींत लिहून ठेवलं, की हा पक्षी मोरासारखा फुलून नाचतो, त्याचं डोकं घडीत पोवळ्यासारखं लाल, घडीत कापसासारखं पांढरं, घडीत फिरोजासारखं निळं होतं. सरड्यासारखा रंग बदलतो म्हणे. इतकं नेमकं वर्णन आजच्या शिकारी मासिकांतही क्वचित सापडेल.

लाल, पांढरा, निळा. झुडपाआडून हे तीन रंग हलताना दिसले, की उतावळ्या शिकाऱ्याचं बोट बंदुकीच्या घोड्यावर जातं. म्हणून माझा टी-शर्ट गाडीत राहिला.

(म्हातारबांच्या हातात सुरीच्या म्यानाएवढी लाकडी पेटी. झाकणाला खडू लावतात.)

या पेटीचं झाकण कडेवर घासलं की मादीचा आवाज निघतो. क्याऊ, क्याऊ, क्याऊ. आर्कान्सामधल्या एका माणसाने १८९७ मध्ये अशा पेटीचं पेटंट घेतलं. त्याआधी मूळ अमेरिकी लोक टर्कीच्याच पंखाच्या पोकळ हाडातून हवा ओढून हाक काढत, आणि ती रीत अजून मेलेली नाही.

म्हातारबा तीनदा घासतात. झाडावरून लगेच उत्तर. पुन्हा घासतात, पुन्हा उत्तर. माझं काळीज धडधडायला लागतं. मला वाटतं, आता आलाच.

ते कानात पुटपुटतात, "येणार नाही."

(पंखांचा फडफडाट. एक, दोन, तीन माद्या खाली उतरतात. मग तो.)

आला नाही. माद्यांबरोबर समोरच्या उतारावरून निघून गेला. जमिनीला पाय लागल्यावर एकदाही ओरडला नाही.

नवख्या शिकाऱ्याला इथेच चीड येते. टर्की लबाड आहे, त्याला माणसाचा वास येतो, असल्या गप्पा इथूनच सुरू होतात. वासाचं तर सोडाच, त्याचं नाक यथातथाच आहे; डोळे मात्र भयंकर, मान जरा वळवली की चौफेर बघणारे. पण तो आला नाही त्याचं कारण डोळ्यांतही नाही. निसर्गात नर मादीकडे जात नाही. तो एका जागी उभा राहून ओरडतो, आणि मादी चालत त्याच्याकडे येते. लाकडी पेटी घासून आपण त्याला उलटी रीत शिकवत असतो. बाई बोलावतेय, तूच ये. तो आपल्या जागेवरून म्हणतो, मी इथे आहे, तू ये.

आणि आज तर त्याच्याकडे तीन आल्याच होत्या.

(हिवाळ्याची दृश्यं. बर्फ, मक्याच्या कापलेल्या शेतात मोठा थवा.)

हे सगळं समजायला थोडं मागे जावं लागतं. हिवाळ्यात टर्की थव्याने राहतात, नर वेगळे, माद्या वेगळ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा व्हायला लागला की नराच्या अंगात संप्रेरकं चढतात. त्याला पंचांग लागत नाही, उजेड पुरतो. मग मारामाऱ्या. माना एकमेकांत पिळून, काट्यांनी लाथा घालून कोण थोरला ते ठरतं. एका वर्षाचे पोरगे, त्यांना 'जेक' म्हणतात, टोळीने हिंडतात आणि मार खातात. गंमत म्हणजे सख्खे भाऊ पुष्कळदा जोडीने पिसारा फुलवतात. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, दिसलं की पिल्लं होतात ती एकाच भावाची. धाकट्याच्या वाट्याला फक्त नाच. पण भावाची पिल्लं म्हणजे थोडं आपलंच रक्त, असा हिशेब निसर्गाने घातलेला आहे.

मार्चअखेर, एप्रिलच्या सुरुवातीला नर तयार आणि माद्या अजून नाहीत, तेव्हा सकाळी रान नुसतं दणाणतं. शिकार अजून बंद असते. गाडी थांबवून ऐकायचं, नकाशावर खुणा करायच्या, बस्स. म्हातारबांच्या मते खरी मजा हीच, हंगाम म्हणजे नुसता हिशेब चुकता करणं.

मग माद्या राजी होतात आणि रान शांत होतं. पहाटे झाडावरून चार हाका, खाली उतरला की गप्प. ज्याच्याभोवती जनानखाना आहे त्याने ओरडायचं कशाला? मादी रोज साधारण एक अंडं घालते, दहा-बारा होईपर्यंत. या दिवसांत ती सकाळी नराजवळ असते आणि थोड्या वेळाने गुपचूप घरट्याकडे सटकते. घरटं म्हणजे काय, झुडपाखाली पाचोळ्यातला एक खळगा. अंडी पूर्ण झाली की ती खुडूक बसते. अठ्ठावीस दिवस. चारापाण्यापुरती उठते, नराकडे फिरकतही नाही. त्याची गरजच उरलेली नसते. एकदा जोडी लागली की पुढे कित्येक आठवडे ती फलित अंडी घालू शकते.

एकेक मादी अशी गळायला लागली की नर उघडा पडतो. परवापर्यंत तिघींच्या घोळक्यात मिरवणारा, आज दहा वाजता रिकाम्या रानात एकटा उभा. तो पुन्हा ओरडायला लागतो. आणि आता मात्र हाक आली तर चालत येतो.

दाढी, पिसारा, गॉबल सगळं नराचं, परवानाही नराचाच. तारखा मात्र त्या खळग्यात बसलेल्या मादीच्या.

(काळीपांढरी छायाचित्रं. तोडलेलं जंगल, लाकडाच्या गाड्या.)

हे रान एकदा मुकं झालं होतं. करवतीने ओझार्क बोडकं केलं, जेवणाच्या बाजारासाठी टर्की बेसुमार मारले गेले. १९५२ पर्यंत अख्ख्या मिसुरीत अडीच हजारांहून कमी उरले. खुराड्यात वाढवलेले हजारो पक्षी रानात सोडून पाहिले, मेले. का, हे स्टार्कर लिओपोल्ड या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने याच टेकड्यांत राहून शोधलं, आणि १९४४ मध्ये छापलं. पाळीव रक्त मिसळलेल्या पक्ष्यांचा मेंदू लहान. आईने धोक्याचा आवाज दिला की रानटी पिल्लं जागीच थिजून पाचोळा होतात, संकर पिल्लं सैरावैरा. आणि विणीची घाई. थंडी सरायच्या आधीच. म्हणजे पंचांग चुकलं.

मग १९५४ पासून अस्सल रानटी पक्षीच धरून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली. दाणे टाकायचे, लपवून ठेवलेल्या छोट्या तोफांनी थव्यावर जाळं उडवायचं, खोक्यात भरून न्यायचं. १९६० च्या वसंतात शिकार पुन्हा उघडली, फक्त तीन दिवस. ९४ पक्षी मिळाले. २००४ च्या एका वसंतात साठ हजारांच्या वर.

तो आकडा पुन्हा आला नाही. पिल्लं जगत नाहीत, हे सगळ्यांना दिसतंय. घरटी लुटणारे रॅकून वाढले, घरट्यासाठी झाडोऱ्याची जागा कमी झाली, ओले जून आले, भांडण कशावर नाही? एक भांडण तारखेचंही आहे: माद्या राजी होण्याआधीच थोरले नर टिपले गेले तर वीण विस्कटते का? टेनेसीने २०२३ मध्ये हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला. दक्षिण कॅरोलायनात रानात ध्वनिमुद्रक ठेवून अभ्यास झाला, तर शिकार सुरू झाली की गॉबल कमी होतात असं दिसलं. ओरडणारे मरतात, उरलेले गप्प. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हा विषयच मिटला, त्यामुळे शिकार करणारा माणूस घरट्यांची एवढी काळजी करतो, हे मला पचायला वेळ लागला. अजून पुरतं पचलं आहे असं नाही.

(मे महिना. दाट हिरवं रान. पँटवर चढणारी गोचीड.)

हंगामाचा तिसरा आठवडा, बुधवार. तोच ओक. पहिल्या खेपेला पानं खारीच्या कानाएवढी होती; इथले लोक तसंच मोजतात. आता पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही. पहाटेपासून दोनच हाका ऐकू आल्या. नऊ वाजले. सरकारी रानात शिकार दुपारी एकला बंद. मी म्हणालो, "चहा घ्यायला जाऊ या का?"

"आता तर माद्या कामाला गेल्यात," म्हातारबा म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.

दहा चाळीसला त्यांनी पेटी घासली. एकदाच, हलक्या हाताने. उत्तर जवळून आलं, इतकं की मी दचकलो. मग शांतता. मग एक आवाज जो आधी मला छातीत जाणवला, कानात नंतर.

(फस्स... आणि हंड्यात भुंगा कोंडल्यासारखी घुमी.)

पिसारा फुललेला. पंखांची टोकं पाचोळ्यावर खरखरत होती. डोकं कापसासारखं पांढरं, गाल निळे, गळ्याच्या गाठी लालभडक. चाळीस पावलं. थांबला. मान ताणून पाहिलं, जिथे बाई असायला हवी होती तिथे. तीस पावलं.

(बार.)

म्हातारबा उठायला वेळ लावतात, गुडघे. पक्ष्याजवळ गेल्यावर त्यांनी टोपी काढली, काही बोलले नाहीत. काटा अंगठ्याच्या पेरावर टेकवून पाहिला, सव्वा इंचाला थोडा कमी. तीन-चार वर्षांचा असेल म्हणाले. मी डोकं बघत होतो. निळा आधी गेला. मग गळ्याच्या गाठींतला लाल विटत विटत राखाडी झाला. मिनिटभरही लागलं नसेल.

परवान्यावर खूण केली, पाय दोरीने बांधले, पाठीवर टाकला. रात्री दहाच्या आत शिकारीची नोंद करावी लागते, आणि रेंज मिळते ती वरच्या रस्त्यावर. अर्धा तास चढण. गाडीपाशी पोचलो तेव्हा माझा लाल टी-शर्ट मागच्या सीटवर तसाच पडलेला होता. पक्षी ठेवला, दार आपटलं.

खालच्या दरीतून गॉबल.

म्हातारबा हातात किल्ली घेऊन थबकले. घड्याळ पाहिलं. एका दिवसात दुसरा मारता येत नाही. पण परवान्यावर अजून एक नर बाकी होता, आणि हंगामाचे चार दिवस.

"उद्या चारला निघू," ते म्हणाले. "तो टी-शर्ट घरी ठेवून ये."