गाडीतून गाडी

नमस्कार श्रोतेहो.

मराठीत आगगाडीही गाडी, मोटारही गाडी आणि पुढे बैल जुंपले तरी ती गाडीच. ही सोय कधीकधी कशी अडचणीची ठरते, ते मला गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत मुलीकडे गेलो असताना समजले. जावयांनी पुण्याला आपल्या आईला फोन करून सांगितले, "गाडी गाडीत घालून आम्ही सगळे फ्लोरिडाला चाललो आहोत." क्षणभर पलीकडे शांतता पसरली आणि मग विहीणबाईंनी विचारले, "कुठली कशात?"

तर ज्या गाडीत गाडी घालायची होती, ती गाडी म्हणजे अ‍ॅमट्रॅक या अमेरिकी रेल्वेची ऑटो ट्रेन. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर, व्हर्जिनिया राज्यात लॉर्टन नावाचे गाव आहे. तेथून ती संध्याकाळी पाचला निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फ्लोरिडातील सॅनफर्डला पोहोचते. अंतर ८५५ मैल, म्हणजे सुमारे १,३७५ किलोमीटर. वाटेत एकाही स्थानकावर प्रवासी चढत नाही की उतरत नाही. दक्षिण कॅरोलायनातील फ्लोरेन्स येथे रात्री ती थांबते, पण ते चालक बदलण्यासाठी आणि इंधन व पाणी भरून घेण्यासाठी. आणखी एक अट अशी, की ज्याच्याजवळ वाहन नाही त्याला या गाडीचे तिकीटच मिळत नाही. वाहनावाचून प्रवाशाला प्रवेश नाही, असे दुसरे रेल्वे स्थानक मी तरी पाहिलेले नाही.

गाडी पाचला सुटत असली तरी मोटार तीनच्या आत स्थानकावर हजर करावी लागते. आवारात शिरताच एका कर्मचाऱ्याने आमच्या मोटारीच्या दारावर तीन आकडी क्रमांकाची चुंबकी पट्टी टपकन चिकटवली. पुढे मोटारीचे चारही बाजूंनी चित्रीकरण झाले, कारण उद्या ओरखडा दिसला तर तो आधीचा की नंतरचा, हा वाद नको. मग किल्ली त्यांच्या हवाली करायची आणि हातातली पिशवी घेऊन आपण प्रतीक्षालयात जायचे. एका तरुणाने आमची मोटार सराईतपणे चढणीवरून वर नेली आणि ती दिसेनाशी झाली. या मोटारी ज्या डब्यांत ठेवतात ते चारही बाजूंनी बंद आणि आत दुमजली असतात. डबे एकमेकांना जोडून मध्ये लोखंडी पट्ट्या टाकल्या, की एका टोकाने शिरलेली मोटार आतल्या आत कित्येक डबे पार करून आपल्या जागी जाऊन उभी राहते.

मोटार एकदा आत गेली की सॅनफर्ड येईपर्यंत तिच्याजवळ जाता येत नाही. हे मला तीनदा सांगण्यात आले होते, आणि तरीही माझा वाचायचा चष्मा पुढच्या खणात राहिला. तो प्रवास मी बिनवाचनाचा केला. दोष सर्वस्वी माझाच होता, तरी मुलीने तो अधूनमधून बोलून दाखवण्याची संधी सोडली नाही.

लॉर्टनच का आणि थेट न्यूयॉर्क का नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. अडचण उंचीची आहे. मोटारींचे हे दुमजली डबे इतके उंच असतात, की ईशान्येकडच्या मोठ्या शहरांमधल्या जुन्या बोगद्यांतून ते जाऊ शकत नाहीत. त्यामुळे न्यूयॉर्क, न्यू जर्सी किंवा बॉस्टनच्या माणसाने आधी शेकडो किलोमीटर मोटार हाकत वॉशिंग्टनच्याही खाली यायचे आणि तेथून पुढचा, त्याहून कितीतरी लांबचा, आय-पंच्याण्णव महामार्गावरचा पल्ला झोपेत काटायचा, अशी ही तडजोड आहे. दुसरे टोकही असेच हिशेबाने निवडलेले आहे. सॅनफर्डहून ऑर्लँडो अर्ध्यापाऊण तासावर आहे आणि फ्लोरिडाच्या दोन्ही किनाऱ्यांकडे तेथून जाता येते.

ही कल्पना मूळची अ‍ॅमट्रॅकची नव्हे. अमेरिकेच्या परिवहन खात्यात १९६०च्या दशकात तिचा अभ्यास झाला होता. त्याच खात्यात काम केलेल्या यूजीन गारफील्ड यांनी पुढे खासगी कंपनी काढली आणि ६ डिसेंबर १९७१ रोजी पहिली ऑटो ट्रेन सोडली. जांभळ्या, पांढऱ्या आणि लाल रंगांची ती गाडी लोकांना आवडली आणि पहिली काही वर्षे ती नफ्यातही चालली. त्या यशाच्या भरात कंपनीने १९७४ मध्ये केंटकीतील लुईव्हिलहून फ्लोरिडाला दुसरी गाडी सुरू केली. ती पुरेशी भरेना. मग अपघात झाले, कर्ज वाढले आणि एप्रिल १९८१ मध्ये सगळेच थांबले. अडीच वर्षांनी, ऑक्टोबर १९८३ मध्ये, अ‍ॅमट्रॅकने तोच मार्ग आणि तेच नाव उचलून गाडी पुन्हा रुळावर आणली.

एवढी चांगली कल्पना दुसऱ्या मार्गावर का चालू नये, याचा मी त्या रात्री पुष्कळ विचार केला. वाचता येत नसल्यामुळे वेळ भरपूर होता. आमची बसायची दोन समोरासमोरची आसने जोडून सेवकाने खाली एक बिछाना केला आणि भिंतीत दुमडलेली फळी ओढून वर दुसरा. समोरच्या कक्षात कनेक्टिकटचे एक वृद्ध जोडपे होते. ते दर जानेवारीत फ्लोरिडाला जातात आणि एप्रिलमध्ये परततात. त्यांच्या मोटारीत तीन महिन्यांचे कपडे, शिलाई यंत्र आणि मासेमारीच्या काठ्या होत्या. विमानाने गेले असते तर लवकर पोहोचले असते आणि तेथे भाड्याची मोटारही मिळाली असती, पण शिलाई यंत्र कुठे ठेवायचे? मोटार हे त्यांचे वाहन नव्हतेच. ती त्यांची चाकांची ट्रंक होती.

थंडी चुकवण्यासाठी दक्षिणेकडे जाणाऱ्या अशा माणसांना तिकडे हिमपक्षी म्हणतात. या पक्ष्यांवर ही गाडी जगते आणि त्यांच्यामुळेच तिची एक पंचाईतही होते. जानेवारीत सगळे खाली जातात, वसंतात सगळे वर येतात. म्हणजे गर्दी नेहमी एकाच बाजूला असते, पण गाडीला तर रोज दोन्ही दिशांना धावावे लागते. म्हणून जानेवारीत दक्षिणेकडचे तिकीट महाग असते आणि वसंतात उत्तरेकडचे.

युरोपात तर अशा गाड्यांची एके काळी चंगळ होती. ब्रिटनमध्ये १९५५ साली लंडनहून स्कॉटलंडमधील पर्थपर्यंत मोटारी नेणारी रात्रीची गाडी सुरू झाली आणि पुढे त्यांचे जाळे पसरले. १९९५ मध्ये ते मिटले. जर्मन रेल्वेने २०१६ मध्ये हा व्यवसाय सोडला. फिनलंडमध्ये मात्र हेलसिंकीहून थेट उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशात मोटारीसह झोपून जाता येते, कारण तेथेही अंतर रात्रभराचे आहे आणि तिकडे पोहोचल्यावर मोटारीवाचून चालत नाही.

हे सगळे ऐकताना आपल्या कोकणातल्या श्रोत्यांना कोलाड आठवले असेल. कोकण रेल्वेने १९९९ पासून कोलाड ते गोव्यातील वेर्णे असे चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर मालाने भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेले आहेत. ट्रकचालक केबिनमध्येच बसून रुळांवरून जातो आणि घाटांची वळणे त्याच्या वाट्याला येत नाहीत. त्याच धर्तीवर ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, मोटारींसाठी रो-रो, म्हणजे वाहन चालवत चढवायचे आणि चालवत उतरवायचे, अशी सेवा जाहीर झाली. वीस वाघिणी, प्रत्येकीवर दोन, अशा चाळीस मोटारींची व्यवस्था. मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये. बरोबर जोडलेल्या डब्यांतून जास्तीत जास्त तिघांनी स्वतंत्र तिकिटावर जायचे. किमान सोळा मोटारी आल्या तरच फेरी सुटणार. प्रवासाला सुमारे बारा तास.

घोषणा ऐकून मला आनंद झाला आणि लगेच लॉर्टन आठवले. मुंबईकराने कोलाडपर्यंतचे सव्वाशे किलोमीटर स्वतः हाकायचे, हे न्यूयॉर्कच्या माणसाने वॉशिंग्टनच्या खाली येण्यासारखेच आहे, आणि पुढची इंदापूर-माणगावची कोंडी चुकणार असेल तर ते कोणी आनंदाने करील. खरी गोम दुसऱ्या टोकाला होती. गणपतीला निघालेला चाकरमानी जातो चिपळूणला, रत्नागिरीला, राजापूरला, कणकवलीला. त्याला वेर्ण्याला उतरवले तर त्याने पुन्हा उलट उत्तरेकडे गोवा ओलांडून यायचे काय? म्हणूनच सिंधुदुर्गातील नांदगाव रोड हा थांबा त्यात घालावा लागला. आणि गणपतीचा लोंढाही हिमपक्ष्यांसारखाच एकाच दिशेचा: चतुर्थीच्या आधी सगळे खाली, विसर्जनानंतर सगळे वर. फरक इतकाच, की तिकडे पक्षी तीन महिने राहतात आणि आपल्याकडे बहुतेकांची रजा आठवड्यात संपते. आठवडाभराच्या सुट्टीतून मोटार चढवण्याचा अर्धा दिवस काढणे जड जाते.

सकाळी सॅनफर्डला उतरलो तेव्हा चांगले ऊन पडले होते. मोटारींचे डबे सोडवून वेगवेगळ्या रुळांवर नेले गेले, आणि एकेक मोटार खाली येऊ लागली तसे ध्वनिक्षेपकावरून क्रमांक पुकारले जाऊ लागले. त्या क्रमाला काही संगती नव्हती; आधी आलेला आधी सुटेल असे मुळीच नाही. जादा पैसे भरलेल्यांच्या मोटारी मात्र आधी उतरल्या. कनेक्टिकटचे जोडपे तिसाव्या मिनिटाला शिलाई यंत्रासह निघून गेले. आम्ही सव्वा तास बाकावर बसून होतो. अखेर आमचा क्रमांक पुकारला गेला, मुलगी पुढे धावली, दारावरची पट्टी काढून कर्मचाऱ्याच्या हातात दिली आणि पुढचा खण उघडून माझा चष्मा खिडकीतून मला दाखवला.